ई-मेलची सहपत्रे : उघडताना व पाठविताना घ्यावयाची दक्षता

सरकारी कचेरीत टपाल फोडण्याची एक जुनी आणि शिस्तबद्ध रीत आहे. बारनिशीचा लिपिक लखोटा हातात घेतो, वरचा पत्ता वाचतो, पाठविणारे कार्यालय कोणते ते पाहतो, आवक नोंदवहीत क्रमांक आणि तारीख टाकतो. पत्राच्या तळाशी 'सहपत्रे : तीन' असे लिहिलेले असेल तर ती तीनच आहेत ना, हे मोजून घेतो. एखादे सहपत्र कमी असेल, पत्र दुसऱ्याच खात्याचे असेल किंवा सहीविषयी शंका वाटत असेल तर तो कागद पुढे सरकत नाही. या रीतीची कोणी फारशी वाखाणणी करीत नाही. परंतु कार्यालयाचे अर्धे संरक्षण तिच्यातच साठलेले असते.

आज तालुक्याच्या कचेरीपासून ग्रामपंचायतीपर्यंत आणि जिल्हा परिषदेच्या शाळेपर्यंत टपालाचा मोठा भाग ई-मेलने येतो. परिपत्रके, विहित नमुने, विद्यार्थ्यांच्या याद्या, निविदा, देयके, छायाचित्रे ही सारी ई-मेलला जोडलेल्या सहपत्रांच्या रूपाने येतात आणि जातात. वेग वाढला, खर्च उरला नाही. पण बारनिशीची ती सावध नजर मात्र या नव्या टपालाच्या वाट्याला अजून पुरेशी आलेली नाही. पत्र आले की बोट आपोआप सहपत्रावर पडते. नेमक्या याच सवयीवर लबाड मंडळींची भिस्त असते. म्हणून सहपत्र म्हणजे काय, त्यात धोका कोठे असतो आणि तो कसा टाळता येतो, हे समजावून घेणे प्रत्येक कार्यालयाच्या हिताचे आहे.

सहपत्राचा प्रवास

एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पत्र पाठविण्याचा आणि पत्त्यात '@' हे चिन्ह वापरण्याचा आरंभ १९७१ साली अमेरिकेत रे टॉमलिन्सन यांनी केला. त्या काळच्या या टपालातून केवळ रोमन लिपीतील साधा मजकूर जात असे. चित्र, ध्वनी किंवा तक्ता पाठविण्याची सर्वमान्य सोय नव्हती. देवनागरी लिपीलाही त्यात जागा नव्हती.

ही अडचण दूर करणारी पद्धत नॅथॅनिएल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड या दोन तज्ज्ञांनी तयार केली. ती 'माइम' या नावाने ओळखली जाते. ११ मार्च १९९२ रोजी बोरेनस्टीन यांनी या पद्धतीने पहिले सहपत्र पाठविले. आपल्या चार जणांच्या हौशी गायकवृंदाचे छायाचित्र आणि त्यांच्या गाण्याचे ध्वनिमुद्रण त्यात होते. आज जगभर रोज जाणाऱ्या अगणित सहपत्रांचा हा मूळपुरुष म्हणावयास हरकत नाही.

या पद्धतीची युक्ती सोपी आहे. कोणतीही फाइल म्हणजे अखेर शून्य आणि एक या अंकांची लांबलचक माळ असते. त्या माळेतील प्रत्येक चोवीस अंकांचे सहा-सहांचे चार गट पाडले जातात आणि प्रत्येक गटासाठी एक साधे अक्षर किंवा चिन्ह लिहिले जाते. अशा रीतीने चित्र वा तक्ता अक्षरांच्या वेषात प्रवास करतो आणि पलीकडे पोहोचल्यावर पुन्हा मूळ रूप धारण करतो. या वेषांतरात फाइलचा आकार सुमारे एक-तृतीयांशाने वाढतो. अठरा मेगाबाइटची फाइल वाटेत चोवीस मेगाबाइटची होते. पंचवीस मेगाबाइटची मर्यादा असलेल्या सेवेतून बावीस मेगाबाइटची फाइल का जात नाही, या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर येथे सापडते.

यातली लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की, टपालयंत्रणा ही माळ इमानाने पोहोचविते. आत चित्र आहे, परिपत्रक आहे की आणखी काही आहे, हे पारखणे तिच्या मूळ कामात अंतर्भूत नव्हते. आज बहुतेक सेवा सहपत्रे तपासून पाहतात हे खरे. तथापि हे तपासनीस नंतर नेमलेले आहेत आणि त्यांची नजर चुकविण्याचे प्रयत्न सतत चालू असतात.

कागद बोलतो, आज्ञावली कृती करते

कागदाचे सहपत्र खोटे असू शकते. बनावट दाखला, खोटी सही, फुगविलेले देयक यांचा अनुभव कचेऱ्यांना जुना आहे. परंतु खोटा कागद टेबलावर नुसता पडून राहतो. तो उठून कपाटातील इतर कागद जाळीत नाही, की कार्यालयाच्या नावाने शंभर पत्रे लिहून टपालात टाकीत नाही. संगणकाचे सहपत्र मात्र हे सर्व करू शकते, कारण ते केवळ लेख नसून आज्ञावली म्हणजे प्रोग्रॅम असू शकते. आज्ञावली उघडणे म्हणजे तिला काम करण्याची परवानगी देणे होय.

दस्तऐवज आणि आज्ञावली यांतील सीमारेषा १९९५ साली पुसट झाली. वर्डच्या दस्तऐवजात 'मॅक्रो' नावाची छोटी आज्ञावली ठेवता येते. तीच ती कामे वारंवार करण्याचा त्रास वाचावा, हा तिचा हेतू. 'कन्सेप्ट' या विषाणूने १९९५ मध्ये दाखवून दिले की, या सोयीचा आधार घेऊन साध्या दिसणाऱ्या पत्रातूनही लागण पसरविता येते.

याचा मोठा प्रत्यय २६ मार्च १९९९ रोजी आला. 'मेलिसा' नावाचा विषाणू वर्डच्या सहपत्रातून आला. सहपत्र उघडताच तो त्या माणसाच्या पत्तेवहीतील पहिल्या पन्नास पत्त्यांवर स्वतःच्या प्रती पाठवीत असे. 'आपण मागितलेला दस्तऐवज सोबत आहे, दुसऱ्या कोणास दाखवू नये', अशा अर्थाचा मजकूर त्यात असे आणि पत्र येई ते ओळखीच्या माणसाच्या नावाने. पन्नासांचे पन्नास होऊन मोठमोठ्या कंपन्यांना आपली टपालयंत्रणा काही काळ बंद ठेवावी लागली. त्याचा कर्ता डेव्हिड स्मिथ यास २००२ मध्ये अमेरिकेत वीस महिन्यांच्या कारावासाची शिक्षा झाली.

पुढच्याच वर्षी, ४ मे २००० रोजी, फिलिपाइन्समधून 'आय लव्ह यू' या विषयाचे पत्र निघाले. त्याच्या सहपत्राचे नाव 'लव्ह-लेटर-फॉर-यू.टीएक्सटी.व्हीबीएस' असे होते. त्या वेळचे बहुतेक संगणक फाइलच्या नावाचे शेवटचे शेपूट लपवून ठेवीत. त्यामुळे वाचणाऱ्यास 'टीएक्सटी' एवढेच दिसे आणि हा साधा मजकूर आहे असे वाटे. प्रत्यक्षात 'व्हीबीएस' हे आज्ञावलीचे शेपूट होते. ती आज्ञावली संगणकातील छायाचित्रे आणि इतर फाइली पुसून त्यांच्या जागी स्वतःची प्रत ठेवी आणि पत्तेवहीतील प्रत्येकास पत्र धाडी. लक्षावधी संगणकांना तिची बाधा झाली. ब्रिटनच्या संसदेलाही आपली टपालयंत्रणा काही काळ बंद करावी लागली.

या कृत्याबद्दल ओनेल द गुझमान या विद्यार्थ्याचा शोध लागला. परंतु फिलिपाइन्समध्ये त्या वेळी असा गुन्हा सांगणारा कायदाच नव्हता, म्हणून त्याच्यावरील आरोप मागे घ्यावे लागले. त्या देशाने जून २००० मध्ये कायदा केला. योगायोग असा की, भारताच्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमासही त्याच महिन्यात राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि तो १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आला. संगणकात विषाणू सोडणे, दुसऱ्याच्या नावाने संगणकाद्वारे फसवणूक करणे ही कृत्ये या अधिनियमाखाली दंडनीय आहेत.

फसवणुकीची बदललेली तऱ्हा

या जुन्या विषाणूंचा हेतू बहुतांशी खोडसाळपणाचा होता. पुढे तो पैशाचा आणि हेरगिरीचा झाला. सहपत्रातून शिरलेली आज्ञावली आता गाजावाजा करीत नाही. ती परवलीचे शब्द टिपते, पत्रव्यवहार चोरते किंवा संगणकातील सर्व फाइली कुलूपबंद करून खंडणी मागते. या शेवटच्या प्रकारास 'रॅन्समवेअर' म्हणतात. २०१६ साली पसरलेला 'लॉकी' हा त्यातलाच एक; तो बहुधा देयकाच्या रूपातील वर्ड फाइलमधून येत असे.

'इमोटेट' या आज्ञावलीची रीत अधिक धूर्त होती. २०१४ पासून ती आढळत होती. बाधा झालेल्या संगणकातील जुना पत्रव्यवहार चोरून, त्याच पत्राला उत्तर म्हणून ती नवे सहपत्र धाडी. वाचणाऱ्यास ओळखीचे नाव दिसे, विषय ओळखीचा असे आणि खाली आपणच पूर्वी लिहिलेले पत्रही दिसे. जानेवारी २०२१ मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी एकत्र येऊन तिचे जाळे उद्ध्वस्त केले. पण त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये ती पुन्हा दिसू लागली. ओळखीच्या पत्त्यावरून आलेले सहपत्र नेहमीच निर्धोक असते, हा समज त्यामुळे सोडून द्यावा लागतो.

जाणकारांच्या घरीही चूक होते. संगणक-सुरक्षेचाच व्यवसाय करणाऱ्या आरएसए या अमेरिकी कंपनीत २०११ साली शिरकाव झाला तो एका एक्सेल फाइलमुळे. '२०११ ची नोकरभरती योजना' अशा अर्थाचे नाव तिला दिलेले होते. यंत्रणेने ते पत्र योग्य रीतीने बाजूला काढून नको असलेल्या टपालात टाकले होते. एका कर्मचाऱ्याने कुतूहलाने ते तेथून बाहेर काढले आणि सहपत्र उघडले. यंत्राने आपले काम चोख केले. घात केला तो माणसाच्या कुतूहलाने.

आपल्या देशातील उदाहरणेही डोळ्यांत अंजन घालणारी आहेत. २२ एप्रिल २०२५ च्या पहलगाम येथील हल्ल्यानंतर काही दिवसांतच, त्या हल्ल्याच्या अहवालाचे नाव दिलेले दस्तऐवज सरकारी व संरक्षण खात्यातील कर्मचाऱ्यांकडे धाडले जात असल्याचे पुण्याच्या क्विक हील कंपनीच्या सेक्राइट प्रयोगशाळेने उघड केले. देश शोकात असताना अधिकाऱ्याचा हात अहवालाकडे साहजिकच जाईल, हा त्यामागचा हिशेब होता. गावपातळीवर हीच युक्ती मोबाइलच्या संदेशातून येते. नोव्हेंबर २०२४ मध्ये लग्नपत्रिका म्हणून 'एपीके' फाइल पाठविण्याच्या प्रकाराबाबत हिमाचल प्रदेश पोलिसांनी लोकांना सावध केले. वाहनाच्या दंडाची पावती किंवा योजनेच्या लाभार्थ्यांची यादी असे सांगूनही अशा फाइली पाठविल्या जातात. लग्नपत्रिका हे चित्र असावयास हवे; ती मोबाइलमध्ये बसवावी लागत असेल तर ती पत्रिका नव्हे.

नावाचे शेपूट वाचावे

फाइलच्या नावातील शेवटच्या टिंबानंतरची अक्षरे म्हणजे तिचे शेपूट. त्यावरून तिची जात ओळखता येते. संगणकाच्या मांडणीत हे शेपूट नेहमी दिसेल अशी व्यवस्था करून घेणे, ही पहिली पायरी.

'ईएक्सई', 'एससीआर', 'बीएटी', 'व्हीबीएस', 'जेएस', 'एमएसआय', 'एलएनके' आणि मोबाइलसाठी 'एपीके' ही शेपटे कृती करणाऱ्या फाइलींची आहेत. कार्यालयीन पत्रव्यवहारात त्यांना स्थान नाही. अशी फाइल कोणाच्याही नावाने आली तरी उघडू नये. वर्ड व एक्सेलच्या नव्या फाइलींत 'डीओसीएक्स' व 'एक्सएलएसएक्स' या प्रकारांत मॅक्रो साठविता येत नाही. 'डीओसीएम' व 'एक्सएलएसएम' या प्रकारांत तो असू शकतो. जुन्या 'डीओसी' व 'एक्सएलएस' फाइलींतही तो असू शकतो. याद्या व नमुने अजूनही जुन्या प्रकारात फिरत असतात, म्हणून येथे विशेष सावध राहावे.

फाइल उघडल्यावर वर पिवळी पट्टी येऊन 'एनेबल एडिटिंग' किंवा 'एनेबल कन्टेन्ट' अशी विचारणा होते. ही पट्टी म्हणजे दारावरचा पहारेकरी होय. केवळ वाचण्यासाठी तिच्यावर बोट दाबण्याची गरज नसते. 'मजकूर दिसण्यासाठी वरील बटण दाबा' असे खुद्द दस्तऐवजातच लिहिलेले असेल तर तो फसवणुकीचाच पुरावा समजावा. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतील मॅक्रो मुळातच बंद ठेवण्याचा निर्णय मायक्रोसॉफ्टने २०२२ साली अमलात आणला. तेव्हा लबाडांनी 'आयएसओ', 'एलएनके', वननोट अशा दुसऱ्या वाटा धरल्या. एक दार बंद झाले की चोर खिडकी शोधतो, हा अनुभव येथेही येतो.

'झिप' फाइल हे गाठोडे असते. आत काय आहे ते बाहेरून कळत नाही. गाठोड्याला परवलीचा शब्द लावलेला असेल तर तपासणी करणाऱ्या यंत्रणेलाही आत पाहता येत नाही. असे गाठोडे आणि त्याचा परवलीचा शब्द एकाच पत्रात आले, तर कुलूप कोणापासून लपविण्यासाठी लावले आहे याचा विचार करावा. 'एचटीएमएल' सहपत्र उघडल्यावर बँकेचे किंवा ई-मेलचे हुबेहूब दिसणारे पान येते आणि परवलीचा शब्द मागते. तो दिला की चोरी पुरी झाली. पीडीएफ हा तुलनेने शांत प्रकार, परंतु त्यातील दुव्यावर बोट ठेवून माणूस अशाच बनावट पानावर जाऊ शकतो.

उघडण्यापूर्वी चार प्रश्न

सर्व प्रकारची नावे पाठ करणे शक्य नाही व आवश्यकही नाही. पुढील चार प्रश्न स्वतःस विचारले तरी बहुतेक संकटे दाराबाहेर थांबतात.

पहिला प्रश्न : हे पत्र कोठून आले? नाव पाहून भागत नाही. नाव कोणालाही कोणतेही लावता येते. पत्ता पूर्ण वाचावा आणि '@' नंतरच्या भागाचा शेवट पाहावा. 'गव्ह.इन' ही अक्षरे शासकीय संस्थांसाठी राखीव आहेत, पण ती अगदी शेवटी असावी लागतात. मध्येच 'गव्ह' येऊन शेवट 'कॉम' किंवा आणखी कशाने होत असेल तर तो पत्ता शासनाचा नव्हे.

दुसरा प्रश्न : हे सहपत्र अपेक्षित होते काय? न मागितलेले देयक, न भरलेल्या निविदेचा निर्णय, न केलेल्या खरेदीची पावती यांचे सहपत्र उघडण्याचे कारण नाही.

तिसरा प्रश्न : हे पत्र घाई का करते? 'आज पाच वाजेपर्यंत माहिती न भरल्यास कारवाई', 'खाते बंद होईल' अशी भाषा विचार करण्यास वेळ मिळू नये म्हणून वापरली जाते. वरिष्ठांची तातडीची पत्रे खरीही असतात. म्हणूनच चौथा प्रश्न महत्त्वाचा.

चौथा प्रश्न : दुसऱ्या मार्गाने खात्री केली काय? पत्रात दिलेल्या क्रमांकावर नव्हे, तर कार्यालयाच्या दूरध्वनी यादीतील क्रमांकावर विचारावे. समजा, गटविकास अधिकाऱ्यांच्या नावाने 'सुधारित लाभार्थी यादी' असे सहपत्र ग्रामपंचायतीत आले. पंचायत समितीत एक दूरध्वनी केला की दोन मिनिटांत उलगडा होतो. ही दोन मिनिटे वाचविण्याच्या नादात कर आकारणीच्या नोंदी, जन्म-मृत्यूचे दाखले आणि अनेक वर्षांचा जमाखर्च गमावण्याची वेळ येऊ शकते. खात्री करून घेणाऱ्या कनिष्ठावर वरिष्ठांनी रागावू नये. 'साहेबांना कसे विचारायचे' या संकोचाचा फायदा लबाड माणूस घेत असतो. तो संकोच दूर करणे हे वरिष्ठांचेच काम आहे.

पाठविणाऱ्याची जबाबदारी

सहपत्रांचा विचार करताना येणाऱ्या संकटांचीच चर्चा अधिक होते. परंतु स्वतःच्या हातून गेलेले सहपत्र कधी कधी त्याहून मोठा अनर्थ करते. आणि त्यात विषाणूचा काही संबंध नसतो.

नोव्हेंबर २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे जी-२० राष्ट्रांची शिखर परिषद भरली. तिला येणाऱ्या एकतीस राष्ट्रप्रमुखांची जन्मतारीख, पारपत्र क्रमांक इत्यादी माहिती त्या देशाच्या स्थलांतर खात्यातील एका कर्मचाऱ्याने चुकून एका फुटबॉल स्पर्धेच्या संयोजकांकडे पाठविली. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ओबामा आणि भारताचे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांचा त्यांत समावेश होता. कारण अगदी किरकोळ होते. पत्त्याची पहिली अक्षरे लिहिताच संगणकाने उरलेला पत्ता आपणहून भरला आणि तो न तपासता पत्र रवाना झाले.

दुसरा प्रसंग अधिक गंभीर आहे. अफगाणिस्तानात ब्रिटिश सैन्यास साहाय्य केलेल्या लोकांनी आश्रयासाठी अर्ज केले होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये एका ब्रिटिश अधिकाऱ्याने पडताळणीसाठी त्यांचा तक्ता ई-मेलने पाठविला. त्यात सुमारे दीडशे नावे आहेत अशी त्याची समजूत होती. प्रत्यक्षात लपलेल्या ओळींत सुमारे अठरा हजार सातशे अर्जदारांची माहिती होती. २०२३ मध्ये तिचा काही अंश समाजमाध्यमावर दिसला. हे अर्जदार तालिबानच्या हाती लागल्यास त्यांच्या जिवावर बेतेल म्हणून न्यायालयाने या बातमीस बंदी केली आणि हजारो लोकांना गुप्तपणे ब्रिटनमध्ये न्यावे लागले. जुलै २०२५ मध्ये बंदी उठल्यावर जगाला हे कळले. एका सहपत्रातील न दिसणाऱ्या ओळींचे मोल असे असू शकते.

गावच्या शाळेतील किंवा पंचायतीतील याद्यांचा प्रश्न एवढा जीवघेणा नसेल. तथापि विद्यार्थ्यांची जन्मतारीख, जात, पालकांचा बँक खाते क्रमांक, आधार क्रमांक, विधवा व दिव्यांग लाभार्थ्यांचे तपशील हे सर्व शासनावर विश्वास ठेवून लोकांनी दिलेले असतात. ही यादी भलत्या हाती पडली तर ज्याचे खाते रिकामे होते तो बहुधा गरीब माणूस असतो. म्हणून पाठविताना काही पथ्ये पाळणे आवश्यक आहे.

जेवढे मागितले असेल तेवढेच पाठवावे. पूर्ण तक्त्यातील ओळी वा स्तंभ लपवून तो तक्ता पाठवू नये. लागणारा भाग नव्या फाइलीत उतरवून तीच पाठवावी. माहितीच्या अधिकाराखाली उत्तर देताना ही काळजी विशेष घ्यावी. एखादा मजकूर झाकावयाचा असेल तर त्यावर काळी पट्टी ओढून भागत नाही. २००९ साली अमेरिकेतील विमानतळ सुरक्षा प्रशासनाच्या पुस्तिकेतील अशा पट्ट्यांखालचा मजकूर लोकांनी सहज उचलून वाचला होता. मजकूर मुळातूनच काढून टाकावा. मसुद्यातील खाडाखोड आणि शेरेही फाइलीत शिल्लक राहतात. म्हणून अंतिम पत्र पीडीएफ करून पाठविणे उत्तम. मराठी मजकूर युनिकोडमध्ये असावा. जुन्या पद्धतीच्या फाँटमधील पत्र पलीकडे अर्थहीन चिन्हांच्या रूपाने उघडते आणि वाचणारा कोठून तरी फाँट मिळवून तो बसविण्याच्या खटपटीत नवे संकट ओढवून घेतो.

संवेदनशील फाइलीला परवलीचा शब्द लावावा आणि तो शब्द त्याच पत्रात न लिहिता दूरध्वनीवरून कळवावा. गावाचे नाव किंवा जन्मवर्ष असा सहज ओळखता येणारा शब्द निवडू नये. आधारची प्रत द्यावयाची असेल आणि पूर्ण क्रमांकाची गरज नसेल, तर केवळ शेवटचे चार अंक दाखविणारी झाकलेली प्रत वापरावी. एकच पत्र अनेकांना धाडताना सर्वांचे पत्ते सर्वांना दिसणार नाहीत अशा 'बीसीसी' रकान्यात ते लिहावेत. पत्ता सर्वांत शेवटी भरावा, ही साधी सवय फार उपयोगी आहे. सहपत्र जोडून व एकदा उघडून पाहिल्यावरच पत्ता लिहिला, तर अर्धवट पत्र निसटत नाही. शिवाय पत्रात सहपत्रांची संख्या व नावे लिहावीत. जुन्या टपालाची ही रीत नव्या टपालात तितकीच मोलाची आहे. पत्रात उल्लेख नसलेले सहपत्र आले तर घेणाऱ्यास तत्काळ शंका घेता येते.

कार्यालयाची घडी

व्यक्ती कितीही सावध असली तरी कधी तरी चुकणारच. ती चूक एकाच संगणकापुरती राहावी, यासाठी कार्यालयाची घडी नीट असावी लागते. कार्यालयाचा पत्रव्यवहार अधिकृत पत्त्यावरूनच व्हावा. ई-मेलला परवलीच्या शब्दाखेरीज दुसरी खूण, म्हणजे मोबाइलवर येणारा अंक किंवा तत्सम पडताळणी जोडावी. संगणकाची आज्ञाप्रणाली आणि विषाणूरोधक आज्ञावली वेळच्या वेळी अद्ययावत करावी. संगणकावर रोजचे काम मर्यादित अधिकारांच्या खात्यातून करावे. नवी आज्ञावली बसविण्याचा अधिकार वेगळ्या खात्याकडे असावा.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे दप्तराची दुसरी प्रत. महत्त्वाच्या फाइलींच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत कार्यालयाबाहेर असावी, असा संकेत आहे. प्रत घेतल्यावर ते साधन संगणकापासून सोडवून कपाटात ठेवावे. जोडलेलेच राहिले तर खंडणीखोर आज्ञावली त्यालाही कुलूप लावते. ज्याच्याकडे चांगली दुसरी प्रत आहे त्याला खंडणीची भीती पुष्कळच कमी वाटते.

चूक झालीच तर

संशयास्पद सहपत्र उघडले गेल्याचे ध्यानात येताच प्रथम संगणकाची इंटरनेट जोडणी तोडावी. मूळ पत्र पुसून टाकू नये. तो पुरावा असतो. दुसऱ्या सुरक्षित यंत्रावरून ई-मेलचा आणि बँकेचा परवलीचा शब्द बदलावा. कार्यालयातील इतरांना आणि ज्यांच्याशी नित्य पत्रव्यवहार आहे त्यांना सावध करावे, कारण पुढचे पत्र आपल्याच नावाने त्यांच्याकडे जाण्याची शक्यता असते. पैशाची अफरातफर झाली असेल तर विलंब न लावता बँकेस कळवावे आणि १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पैसा खात्यांतून पुढे सरकण्यापूर्वी तो अडविता यावा, यासाठी पहिले काही तास फार मोलाचे असतात. 'सायबरक्राइम.गव्ह.इन' या संकेतस्थळावरही तक्रार देता येते. देशपातळीवर अशा घटनांकडे पाहणारी 'सर्ट-इन' ही संस्था २००४ पासून काम करीत आहे. तिच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार शासकीय संस्थांसह इतर संस्थांनीही ठरावीक प्रकारच्या घटना ध्यानात आल्यापासून सहा तासांच्या आत तिला कळविणे बंधनकारक आहे.

येथे सर्वांत मोठा अडसर तंत्राचा नसून भीतीचा आहे. 'माझ्या हातून झाले हे कळले तर जबाबदारी माझ्यावर येईल', या विचाराने लिपिक किंवा संगणक परिचालक गप्प बसतो आणि एका यंत्रावरची बाधा साऱ्या कार्यालयात पसरते. आरएसएसारख्या संस्थेतील माणूस जेथे चुकला, तेथे गावातील तरुण परिचालकाने चुकणे हा अपराध मानता येणार नाही. चूक लपविणे मात्र नुकसान वाढविते. वेळीच सांगणाऱ्याच्या पाठीशी कार्यालय उभे राहते, असा विश्वास कर्मचाऱ्यांत असला पाहिजे.

शिक्षकांनी हा विषय वर्गात घ्यावा, कारण घरातला मोबाइल पुष्कळदा मुलांच्याच हातात असतो. पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत पाच मिनिटे त्यासाठी द्यावीत. कृती करणाऱ्या फाइली उघडू नयेत, दुसऱ्या मार्गाने खात्री करावी, पाठविण्यापूर्वी पत्ता व सहपत्र पुन्हा पाहावे आणि चूक झाल्यास तत्काळ सांगावे, एवढ्या चार गोष्टी गावाने अंगी बाणविल्या तरी बरेच साधेल. टपालाचे वाहन बदलले, लखोट्याची जागा पडद्याने घेतली. पण फोडण्यापूर्वी लखोटा उलटसुलट करून पाहणाऱ्या त्या बारनिशीच्या लिपिकाची नजर आजही तितकीच हवी आहे.